महेंद्रपर्वत: कंबोडियाच्या जंगलातल्या ख्मेर राजधानीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून २०१३ मध्ये ‘जंगलात हरवलेलं शहर सापडलं’ अशी बातमी जगभर झळकली आणि तेव्हापासून महेंद्रपर्वताबद्दल तेच तेच प्रश्न विचारले जातात. बातमी खोटी नव्हती, पण तिच्यात बरंच मीठमसाला होता. खालची उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: इथे देवळं आधीपासून माहीत होती, नाव माहीत होतं, डोंगरही माहीत होता. माहीत नव्हती ती नगराची आखणी.

ही नगरी नेमकी कुठे आहे?

कंबोडियाच्या वायव्य भागात, सिएम रीप प्रांतात, फ्नोम कुलेन नावाच्या पठारावर. अंगकोर वाटपासून ईशान्येला सुमारे ४० किलोमीटर. पठार वालुकाश्माचं आहे, बहुतेक भाग ३०० ते ४०० मीटर उंचीचा, आणि सर्वांत उंच जागा ५०० मीटरच्याही आत. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल. पण खाली तोन्ले साप तलावापर्यंत सगळा प्रदेश इतका सपाट आहे की हाच डोंगर दुरून उठून दिसतो. अंगकोरला, म्हणजे नंतरच्या ख्मेर राजधानीला, पाणी पुरवणारी सिएम रीप नदी इथेच उगम पावते. पठार १९९३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे.

नगरी खरोखर ‘हरवली’ होती का?

नाही. पठारावरच्या गावकऱ्यांना देवळं ठाऊक होती आणि काही जागी पूजाही चालू होती. फ्रेंच अभ्यासक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे येत होते. फिलिप स्टर्न यांनी १९३६ मध्ये इथे उत्खनन करून काही नवी देवळं उजेडात आणली. त्यांच्याच अभ्यासातून ख्मेर कलेतली ‘कुलेन शैली’ वेगळी काढली गेली. पुढे १९६०-७० च्या दशकांत झाँ बुलबे यांनी पठार पायी पिंजून काढलं. त्यांच्या आणि ब्रुनो दाजाँ यांच्या नोंदी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मग यादवी युद्ध, ख्मेर रूज ही कम्युनिस्ट राजवट, भूसुरुंग, आणि पुढची कित्येक वर्षं काम ठप्प. २००८ पासून झाँ-बाप्तीस्त शेवान्स यांच्या पथकाने पठारावर पुन्हा पद्धतशीर सर्वेक्षण सुरू केलं.

तेव्हा हातात काय होतं? सुटी सुटी विटांची देवळं, काही बांध, काही तळी. ती एकमेकांना कशी जोडलेली होती, मुळात जोडलेली होती का, हे कळायला मार्ग नव्हता. घनदाट झाडीत दहा मीटरवरचा मातीचा बंधारासुद्धा दिसत नाही. त्यावर उभे असलात तरी ‘जरा चढ लागला’ एवढंच वाटतं.

मग २०१२ मध्ये सापडलं काय?

रस्त्यांचं जाळं. एप्रिल २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझरने (या पद्धतीला ‘लायडार’ म्हणतात) अंगकोर, कोह केर ही आणखी एक जुनी राजधानी आणि फ्नोम कुलेन मिळून ३७० चौरस किलोमीटर जमीन मोजली गेली. कुलेनवरच्या चित्रात पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या, मातीचा भराव घातलेल्या सरळ वाटा उमटल्या. आजवर एकाकी वाटणारी देवळं या वाटांच्या कडेला किंवा टोकाला बसलेली निघाली. पुरातत्त्वज्ञ डॅमियन एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.

मात्र तेव्हा मोजलेला पट्टा नगराच्या मानाने तोकडा होता. वाटा चित्राच्या कडेपर्यंत जाऊन तुटत होत्या. म्हणून २०१५ मध्ये कंबोडियातला सुमारे १,९०० चौरस किलोमीटर भाग नव्याने मोजला, त्यात कुलेन परिसराचा मोठा भाग घेतला. त्यानंतर पायी पडताळणी, आणि २०१९ मध्ये सविस्तर निष्कर्ष: मध्यवर्ती आखणी ४० ते ५० चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे. ‘शोध’ म्हणायचाच असेल तर तो २०१२ ते २०१९ असा सात वर्षांचा आहे. बातमीत तो एका सकाळचा वाटतो.

महेंद्रपर्वत हे नाव आणि ख्मेर राजा जयवर्मन दुसरा याच्या राज्यारोहणाचं इ.स. ८०२ हे साल कुठून आलं?

मुख्य आधार स्दोक काक थोमचा शिलालेख. हे देऊळ आज थायलंडच्या हद्दीत, कंबोडियाच्या सीमेलगत आहे. लेख संस्कृत आणि जुन्या ख्मेर भाषेत असून शके ९७४ मधला, म्हणजे इ.स. १०५२ च्या सुमाराचा. राजपुरोहितांच्या एका घराण्याने आपली वंशावळ, जमिनी आणि हक्क त्यात नोंदवले आहेत. त्या ओघात जयवर्मन दुसरा याने कोणत्या क्रमाने राजधान्या बदलल्या हे येतं: इंद्रपुर, हरिहरालय, अमरेंद्रपुर, महेंद्रपर्वत आणि पुन्हा हरिहरालय. जयवर्मनच्या राज्यारोहणाचं साल नंतरच्या ख्मेर लेखांमध्ये शके ७२४ असं मिळतं. त्यात ७८ मिळवले की ८०२.

मराठी वाचकाला हे गणित शिकवायची गरज नाही. आपल्या पंचांगातला शक तोच ख्मेर दरबारात चालत होता. त्याच सुमारास दख्खनवर राष्ट्रकूट तिसरा गोविंद राज्य करत होता आणि वेरूळचं कैलास लेणं कोरायला घेऊन जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या.

इथे एक सावधगिरी. राजधान्यांची ही हकिकत घटनेनंतर अडीचशे वर्षांनी, आपला हक्क सिद्ध करू पाहणाऱ्या घराण्याने लिहवून घेतली आहे. तिचं वजन तेवढंच धरावं. म्हणून तर जमिनीतला पुरावा मोलाचा: पठारावर नवव्या शतकाच्या आगेमागे खरोखरच राजधानीला शोभेल अशी आखणी होती, हे आता लेखावर अवलंबून न राहता सांगता येतं.

जयवर्मनच्या काळात डोंगरावर विधी झाला असं सांगतात, तो काय होता?

स्दोक काक थोमच्या लेखानुसार हिरण्यदामन नावाच्या ब्राह्मणाने असा विधी केला की कंबुजदेश, म्हणजे ख्मेरांचा देश, ‘जावा’च्या अधीन राहू नये आणि एकच चक्रवर्ती राजा असावा. त्यासाठी विनाशिख, नयोत्तर, संमोह आणि शिरश्छेद हे चार तंत्रग्रंथ त्याने शिवकैवल्य या पुरोहिताला शिकवले. यातला विनाशिखतंत्र आजही हस्तलिखितरूपाने उपलब्ध आहे. ‘देवराज’ पंथाची सुरुवात इथली मानतात. देवराज म्हणजे खुद्द राजाला देव मानणं की राजसत्तेचं रक्षण करणारी वेगळी देवता, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. ‘राजा स्वतःला देव म्हणवत असे’ हे विधान पर्यटक-पुस्तिकांत छातीठोकपणे केलेलं आढळतं. ते तितकं सरळ नाही. लेखातला ‘जावा’ म्हणजे इंडोनेशियातलं बेट की आणखी कुठला प्रदेश, हाही वादाचाच मुद्दा आहे.

लायडारने झाडांखालची जमीन दिसते कशी? लेझर पानांच्या आरपार जातो का?

पानांच्या आरपार काहीही जात नाही. झोत पानांच्या फटींतून जातात, एवढंच. हा सर्वांत मोठा गैरसमज असल्याने जरा तपशिलात सांगतो.

हेलिकॉप्टर जमिनीपासून सुमारे ८०० मीटरवरून समांतर पट्ट्यांत उडतं. खालच्या यंत्रातून दर सेकंदाला हजारो लेझर झोत सुटतात. झोत खाली जाऊन परत यायला एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या साधारण पाचपट वेळ लागतो. या वेळेवरून अंतर काढतात. वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकतं, आणि इथले कित्येक बांध आज गुडघाभरसुद्धा उरलेले नाहीत. त्यामुळे हेलिकॉप्टरची जागा उपग्रहाच्या मदतीने आणि त्याचा कल, हेलकावा वेगळ्या उपकरणाने क्षणोक्षणी नोंदवावा लागतो. जमिनीवरही ठाऊक असलेल्या बिंदूंवर स्थिर यंत्रं ठेवून हिशेब जुळवतात.

एकाच झोताचा काही भाग शेंड्यावर आपटतो, काही फांदीवर, काही झुडपावर आणि नशीब असेल तर थोडा जमिनीवर. प्रत्येक टप्प्याचं उत्तर वेगळं नोंदलं जातं. मग संगणकावर गाळणी: आसपासच्या बिंदूंच्या मानाने सर्वांत खालचे बिंदू ‘जमीन’ म्हणून ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. उरलेल्या बिंदूंवरून जमिनीचं त्रिमितीय रूप तयार होतं. त्यावर वेगवेगळ्या दिशांनी कृत्रिम तिरपा उजेड पाडला की अर्ध्या मीटरचा उंचवटाही सावलीने उठून दिसतो. एकाच दिशेचा उजेड ठेवला तर त्या दिशेला समांतर असलेले बांध दडून राहतात. नवशिके इथे हमखास फसतात.

उड्डाणासाठी मार्च-एप्रिल निवडतात, कारण कोरड्या मोसमाच्या शेवटी बरीच झाडं पानं टाकतात आणि खालचं गवत-झुडूप वाळलेलं असतं.

यात चुका कुठे होतात?

गाळणी कडक ठेवली तर छोटी देवळं, दगडी चौथरे आणि उभे कडे ‘झाड’ समजून पुसले जातात. ढिली ठेवली तर दाट झुडपाचा वरचा थर जमीन म्हणून राहतो आणि नसलेला उंचवटा तयार होतो. बांबूची बेटं सर्वांत त्रासदायक; तिथे जमिनीपर्यंत बिंदू पोचतच नाहीत आणि चित्रात गुळगुळीत, संशयास्पद सपाट डाग दिसतो. अशा डागावर ‘इथे काही नाही’ असं लिहायचं नसतं. ‘इथे मोजणी झाली नाही’ असं लिहायचं असतं.

चित्रातली प्रत्येक सरळ रेषा प्राचीन असते का?

अजिबात नाही. लाकूडतोड्यांच्या वाटा, काजूबागांच्या हद्दी आणि भातखाचरांचे नवे बांधही सरळच असतात. गोल खड्डा म्हणजे तळं असेलच असं नाही. कंबोडियात तो बॉम्बचाही असू शकतो. वारुळं तर देवळाच्या ढिगाऱ्याची हुबेहूब नक्कल करतात.

म्हणून पडताळणी पायी. चित्रावरच्या जागेचे अक्षांश-रेखांश हातातल्या यंत्रात भरायचे, स्थानिक वाटाड्या घ्यायचा, कोयत्याने वाट काढत तिथवर जायचं. विटांचे तुकडे, जांभा, तासलेला वालुकाश्म, मूर्तीचं बैठक-पीठ, खापरं यांपैकी काय मिळतं ते नोंदवायचं. संशय बळावला तर छोटा चर खणायचा आणि कोळशाचे तुकडे रेडिओकार्बन चाचणीसाठी घ्यायचे. लेझर आकार सांगतो, काळ सांगत नाही. आठव्या शतकातला बांध आणि बाराव्या शतकातला बांध चित्रात सारखेच दिसतात.

ड्रोन किंवा उपग्रह-चित्रांवरून हे काम झालं नसतं का?

साध्या छायाचित्राला फक्त झाडांचे शेंडे दिसतात. अंगकोरच्या सखल भागात भातशेतीमुळे जमीन उघडी आहे, तिथे हवाई छायाचित्रं आणि रडारवरून बरंच नगर आधीच नकाशावर आलं होतं. कुलेनवर जंगल असल्याने ते जमलं नाही. लायडार लावलेला ड्रोन छोट्या जागेसाठी आज उत्तम आहे, पण शेकडो चौरस किलोमीटर आणि खाली भूसुरुंग असताना हेलिकॉप्टर किंवा विमानच परवडतं.

नगर दिसायला कसं होतं?

अंगकोर थोम या नंतरच्या राजनगरासारखी तटबंदी आणि खंदक डोळ्यांसमोर आणू नका. महेंद्रपर्वताला कोट नव्हता. भरावाच्या वाटा एकमेकींना काटकोनात छेदून मोठमोठे चौकोन पाडत. चौकोनांच्या आत छोटे भूखंड, तळी, विटांची देवळं. बानतेय नावाच्या जागी एक मोठं आयताकृती आवार आहे, ते राजवाड्याचं असावं असं उत्खननावरून मानलं जातं. पठाराच्या उंच जागी रोंग चेन हे टप्प्याटप्प्यांनी चढत गेलेलं, पिरॅमिडच्या घडणीचं देऊळ. पुढे बाकोंग, कोह केर आणि अंगकोर वाटपर्यंत पोचलेल्या ‘देवळाचा डोंगर’ या कल्पनेचं ते फार आधीचं रूप.

घरं लाकूड, बांबू आणि गवताची होती, राजवाडासुद्धा बहुतांशी लाकडीच. टिकाऊ साहित्य देवांसाठी राखीव. त्यामुळे आज शिल्लक दिसतं ते देवळांचं आणि मातीचं नगर. माणसांचं नगर कुजून गेलं.

महत्त्वाची गोष्ट अशी की काम अर्धवट सुटलेलं आहे. एक प्रचंड जलाशय खडकात कोरायला घेऊन तसाच टाकलेला आढळतो आणि काही भागांतली आखणीही पुरी झालेली दिसत नाही. तरीसुद्धा इतक्या मोठ्या प्रमाणावर जाळीदार नगररचना ख्मेर प्रदेशात याआधी कुणी केली नव्हती. असली आखणी पुढे सपाटीवरच्या अंगकोरमध्ये पुन्हा भेटते, तीही काही शतकांनंतर.

लोकसंख्या किती होती?

विश्वासार्ह आकडा नाही. ४०-५० चौरस किलोमीटर ही आखणीची व्याप्ती आहे, वस्तीची दाटी नव्हे. इंटरनेटवर कुणी लाखात आकडे देत असेल तर सोडून द्या.

पठारावर रांगेत मांडलेले शेकडो उंचवटे दिसतात, ते कसले आहेत?

सर्वांत चोख उत्तर: ठरलेलं नाही. मातीचे हे उंचवटे ओळी-ओळींत काटेकोर मांडलेले आहेत. आधी थडगी असावीत असं वाटलं होतं. खणल्यावर ना पुरलेलं कुणी मिळालं, ना वस्तीच्या ठोस खुणा.

इतकं करून राजधानी सोडली का?

स्वारी, आग, कोप असलं काही शोधू नका. पठारावर भात पिकवायला सपाट, कसदार जमीन थोडी. वालुकाश्मावरची माती पातळ आणि रेताड. झाडं तोडली की पावसात वाहून जाते. पाणी दऱ्यांना आडवे मातीचे बांध घालून अडवावं लागे. बांध नीट राखले नाहीत की सांडव्याजवळून पाणी माती खातं आणि एका पावसाळ्यात भगदाड पडतं. कोह केरचा सुमारे सात किलोमीटर लांबीचा बांध अशाच कारणाने फार लवकर निकामी झाला असावा, असं तिथल्या अभ्यासातून पुढे आलं आहे. खाली हरिहरालयाजवळ मात्र सपाट शेतं, तलावातली मासळी आणि जलमार्ग होते. दरबार तिकडे परतला.

डोंगर मात्र ओस पडला नाही. पठारावरच्या एका जुन्या जलाशयातला गाळ आणि परागकण तपासले तेव्हा दरबार गेल्यावरही शतकानुशतकं जमिनीचा जोरदार वापर आणि धूप चालू असल्याचं दिसलं. पठारावर भट्ट्यांत झिलईदार भांडी भाजली जात. पायथ्याच्या खाणींतला वालुकाश्म अंगकोरच्या देवळांसाठी कालव्यांतून नेला जाई. ऋषी-तपस्वी आणि यात्रेकरू तर येतच राहिले.

ही नगरी भारतीयांनी बांधली का?

नाही. बांधणारे आणि राज्य करणारे ख्मेर होते. देव, संस्कृत भाषा, शककालगणना आणि लिपीचं मूळ भारतातून गेलं. ते तिथल्या लोकांनी निवडून घेतलं आणि आपल्या पद्धतीने बदललं. शिलालेखात स्तुती संस्कृतमध्ये आणि जमीन, गुलाम, हद्दी यांचा व्यवहार ख्मेरमध्ये, यावरून बरंच कळतं. दामरेई क्राप या देवळावर तर शेजारच्या चंपा राज्याच्या शैलीची छाप आहे. सगळं काही भारतातून एकाच वाटेने आलं नाही.

नदीपात्रातली शिवलिंगं इथलीच का?

हो. पठारावर प्रिया आंग थोम या देवस्थानाजवळच्या नदीपात्रात आणि पश्चिमेकडच्या कबाल स्पियन इथे वाहत्या पाण्याखालच्या खडकात शेकडो लिंगं कोरलेली आहेत, शिवाय शेषशायी विष्णू. नदी पुढे अंगकोरला जाते, म्हणून उगमापाशीच पाणी पवित्र करून घ्यायचं. शिरसीजवळ शाल्मला नदीतलं सहस्रलिंग पाहिलं असेल तर ही कल्पना ओळखीची वाटेल. कबाल स्पियनला जायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरून लिंगं उघडी पडतात आणि भर पावसाळ्यात झाकली जातात. पाऊस सरल्यानंतरचे दोन-तीन महिने बरे: पाणी वाहतं आणि कोरीवकामही दिसतं.

भूसुरुंगांचा धोका अजून आहे का?

पठार १९९० च्या दशकापर्यंत ख्मेर रूजच्या ताब्यातला प्रदेश होता. रुळलेल्या जागा साफ केल्या आहेत, पण आडजंगलाबद्दल कुणी हमी देत नाही. नियम साधे आहेत: मळलेली पायवाट सोडायची नाही, लघवीसाठीसुद्धा नाही. कवटीचं चिन्ह असलेली लाल पाटी दिसली की आल्या पावली मागे. जमिनीतून डोकावणारं धातूचं किंवा प्लॅस्टिकचं काही उचलायचं नाही. पावसाने माती वाहून सुरुंग सरकतात, त्यामुळे ‘गेल्या वर्षी इथून गेलो होतो’ हा पुरावा होत नाही.

जायचं कसं, आणि काय दिसेल?

सिएम रीपहून गाडीने दीड ते दोन तास. वरचा घाट अरुंद असल्याने सकाळी गाड्या फक्त वर जातात, दुपारी फक्त खाली येतात. सकाळी अकराच्या आत चढायला लागा. अंगकोरचा पास इथे चालत नाही. वेगळं तिकीट आहे, परदेशी प्रवाशाला २० डॉलर असा दर राहिला आहे. निघण्याआधी ताजा विचारून घ्या. कबाल स्पियन मात्र अंगकोरच्या पासात येतं.

बहुतेक सहली प्रिया आंग थोमचा खडकावर कोरलेला निजलेला बुद्ध, लिंगांची नदी आणि धबधबा दाखवून परततात. बुद्ध सोळाव्या शतकातला आहे, राजधानीच्या काळाशी त्याचा संबंध नाही. नगराचा अंदाज घ्यायचा तर स्राह दामरेईचा एकसंध दगडातला हत्ती, दामरेई क्राप, ओ पाओंग आणि रोंग चेन गाठावे लागतात. तिथे चारचाकी जात नाही. वर गावातून वाटाड्यासह मोटरसायकल ठरवावी लागते आणि सगळं करायचं तर दिवस पुरत नाही. वाट रेताड आहे, मागे बसून पाठ मोडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोयीचा काळ. पावसात जळवा आणि चिखल.

एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा: लायडारच्या चित्रातले रुंद राजमार्ग प्रत्यक्षात डोळ्यांना दिसत नाहीत. नकाशाचा प्रिंट सोबत असेल तरच पायाखालचा चढ म्हणजे भराव आहे हे कळतं.

थायलंडमार्गे रस्त्याने जाण्याचा बेत असेल तर जपून. २०२५ मध्ये दोन्ही देशांत सीमेवर चकमकी झाल्या आणि जमिनीवरची ठाणी बंद झाली. त्यामुळे विमानानेच जायचं धरा. स्दोक काक थोम याच सीमापट्ट्यात आहे.

इथल्या मूर्ती कुठे पाहायला मिळतात?

देवळांत जवळजवळ काहीच उरलेलं नाही. चोरांनी मूर्ती नेल्या, नेता न आलेल्या फोडल्या. गाभाऱ्यात मध्यभागी खोल खड्डा दिसला तर तो पुरलेल्या धनासाठी खणलेला असतो. रूप आराक इथली विष्णुमूर्ती नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कुलेन शैली ओळखायची तर तिच्यापासून सुरुवात करावी: अंग भरलेलं, मुकुट उंच आणि साधा, आणि जुन्या मूर्तींना आधारासाठी असे तशी मागची दगडी कमान काढून टाकलेली.

आज सर्वांत मोठा धोका कशाचा?

जंगलतोड आणि काजूच्या बागा. नांगर आणि बुलडोझर मातीचा बांध एका दिवसात सपाट करतात, आणि सपाट झालेला बांध लायडारलाही दिसत नाही. जागतिक वारसा म्हणून नोंदवण्यासाठी कंबोडियाने फ्नोम कुलेनचं नाव प्रस्तावित यादीत दिलं आहे. पण बांध वाचतील ते वनरक्षकांची गस्त आणि वर राहणाऱ्या गावांना शेतीखेरीज मिळणारं उत्पन्न यांवरच. त्यामुळे वर गेलात तर वाटाड्या आणि मोटरसायकल सिएम रीपच्या दलालाकडून न ठरवता पठारावरच्या गावातूनच ठरवा.